१७४०च्या सुमाराची मॅसॅच्युसेट्समधली बाई, फक्त पहिलं नाव माहीत आहे. तिचं माहेर कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की सुनेच्या माहेरची मंडळी म्हणतात, त्या काळच्या बायकांच्या नोंदीच नसतात. हे वाक्य मी सासरी नऊ वर्षं ऐकलं. नोंदी असतात. बाईच्या नावाखाली नसतात, एवढंच.

माझा नवरा मॅसॅच्युसेट्समधल्याच एसेक्स काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला. त्याच्या काकांनी घराण्याचं झाड केलंय, पुरुषांकडून थेट जहाजातून उतरल्या दिवसापर्यंत. त्यात एका बाईचं नुसतं पहिलं नाव होतं, आणि तिला कुठल्याशा वेबसाइटवरून उचललेला बाप लावलेला. पुरावा काय, तर इतर चाळीस झाडांतही तोच बाप आहे. चाळीस जणांनी एकमेकांची नक्कल केली तर तो पुरावा होत नाही.

मी लग्नाच्या नोंदी बाजूला ठेवल्या आणि मेलेल्यांच्या मालमत्तेचे कागद वाचायला घेतले. तिथे बाप मृत्युपत्र न करता वारला तर थोरल्या मुलाला दुप्पट आणि बाकीच्यांना, मुलींनाही, सारखा वाटा मिळे. लग्न झालेल्या मुलीचा वाटा नवऱ्याच्या हातात पडे आणि तो पावती लिहून देई. मला तशी पावती सापडली. चिठोऱ्याएवढा कागद. बायकोच्या वडिलांच्या मालमत्तेतला तिचा वाटा पोचला, खाली त्याची सही, आणि शेजारी तिची खूण: एक वाकडी फुली. पडद्यावर ती फुली मोठी करून मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

काका म्हणाले, चूक. पावतीवर ३ फेब्रुवारी १७४१, आणि पावतीतला बाप वारला ऑक्टोबर १७४१ मध्ये. मरायच्या आधी वाटणी कशी होईल? जेवणाच्या टेबलावर सगळे गप्प. पण इंग्रजी वसाहतींत १७५२पर्यंत कायद्याचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे १७४१चा फेब्रुवारी ऑक्टोबरनंतर येतो, आजच्या हिशेबाने तो १७४२. आपला माघ त्याच शकातल्या कार्तिकानंतरच येतो ना? पाडव्याला वर्ष बदलणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. काकांना अजून पटलेलं नाही.

तेव्हा तुम्ही शोधताय त्या बाईच्या नवऱ्याचे जमिनीचे सगळे व्यवहार काढा. भावंडांनी मिळून बापाची जमीन विकली असेल तर जावयांची नावं येतातच. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर मॅसॅच्युसेट्सची जमीनखाती फुकट बघता येतात. कागदात 'मदर इन लॉ' दिसली की सासू समजू नका, सावत्र आईलाही तेच म्हणत.

हे सगळं न्यू इंग्लंडपुरतं, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडच्या राज्यांपुरतं, हे आधीच सांगायला हवं होतं. न्यूयॉर्ककडच्या डच चर्चच्या बाप्तिस्म्यांत आईचं माहेरचं नाव बऱ्याचदा सरळ मिळतं. व्हर्जिनियात कित्येक काउंट्यांची दप्तरं जळाली आहेत. आणि बाई गुलामगिरीतली असेल तर तिचं नाव मालकाच्या सामानाच्या यादीत, गुराढोरांशेजारी किमतीसकट सापडतं. तो शोध वेगळा आणि फार जड.

पण पावती हाती येईपर्यंत बापाची जागा रिकामी ठेवा. कुणी कितीही आग्रह केला तरी. काकांच्या झाडावर जुनाच बाप आहे. माझ्या मुलीच्या वहीत खरा आहे, आणि शेजारी त्या फुलीची प्रिंट चिकटवली आहे.