विद्राव्य काच आणि ओतकामाची वाळू

प्रश्न : कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत (वितळलेला धातू साच्यात ओतून वस्तू घडवणाऱ्या कारखान्यात) वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून साच्यात वायू सोडताना पाहिले. त्याने वाळू इतकी घट्ट कशी होते?

उत्तर : सोडियम सिलिकेट म्हणजेच विद्राव्य काच. वाळू आणि सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) भट्टीत वितळवून मिळणारी ही काच, खिडकीच्या काचेतला चुना तिच्यात नसल्यामुळे, दाबाखालच्या वाफेने पाण्यात विरघळते आणि पाकासारखा दाट, अल्कधर्मी द्रव तयार होतो. त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की अल्कता घटते, सिलिकाचे जेल वेगळे होते आणि वाळूचे कण थोड्याच वेळात एकमेकांशी जखडले जातात. साचा भाजावा लागत नाही, ही फार मोठी सोय आहे. मात्र वायू जास्त झाल्यास साचा ठिसूळ होतो, आणि ओतकामानंतर ही वाळू फोडून काढणे कष्टाचे असते. द्रव हाताळताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.