परिभ्रमण कशाभोवती?

इंदुरात सहावी-सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा वर्ग हिंदी माध्यमाचा. पण मराठी घरांतली काही मुले संध्याकाळी त्यांच्याकडे येतात आणि त्यांना त्या मराठीतून सूर्यमाला समजावतात. महाराष्ट्रातून मागवलेल्या पुस्तकात 'परिभ्रमण' म्हणजे पृथ्वीचे सूर्याभोवती फिरणे, आणि इकडच्या एका हिंदी मार्गदर्शिकेत 'परिभ्रमण' म्हणजे पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे. एका मुलाने दोन्ही पाने शेजारी धरून विचारले, "बाई, यातले चूक कोणते?" त्याला काय सांगावे, असे ताई विचारतात.

ताई, चूक कोणतेच नाही, आणि हे त्या मुलाला आधी सांगाच. त्याने जे पाहिले ते पुष्कळ मोठ्यांच्याही नजरेतून सुटते.

आजच्या मराठीतली व्यवस्था पक्की आहे. स्वतःच्या आसाभोवती फिरणे ते परिवलन, दुसऱ्या गोलाभोवती फिरणे ते परिभ्रमण. बालभारतीच्या पुस्तकांत हीच जोडी आहे. हिंदीत एनसीईआरटीची पुस्तके घूर्णन आणि परिक्रमण अशी जोडी वापरतात. इथवर काही अडचण नाही. मात्र हिंदी भूगोलाच्या काही पुस्तकांत घूर्णनाला पर्याय म्हणून परिभ्रमण लिहितात आणि त्याच्यासमोर परिक्रमण ठेवतात. म्हणजे तोच संस्कृत शब्द सातपुड्याच्या दक्षिणेला वर्ष मोजतो आणि उत्तरेला कधी कधी दिवस. इंदूरची मराठी मुले दोन्ही बाजूंची पुस्तके वाचतात, म्हणून हा घोळ पुण्या-नागपुरापेक्षा आपल्याकडे जास्त जाणवतो.

असे का झाले, हे धातूंकडे पाहिले की कळते. भ्रम् म्हणजे फिरणे. कशाभोवती, किती, कसे, याबद्दल हा धातू काहीच सांगत नाही. गावोगाव हिंडणे ती भ्रमंती, ते भ्रम् वरून. जागच्या जागी गरगरणारा भोवरा आणि डोक्यात येणारी भोवळ, तीही भ्रम् वरूनच. तेव्हा हिंदी लेखकाने परिभ्रमण हा शब्द स्वतःभोवतीच्या फिरण्याला लावला तर त्याच्या पाठीशी भोवरा उभा आहे, आणि मराठी लेखकाने सूर्याभोवतीच्या फेरीला लावला तर त्याच्या पाठीशी भ्रमंती. शब्द दोन्ही अर्थ पेलतो. अर्थ ठरला आहे तो संकेताने, आणि दोन भाषांनी आपापला संकेत ठरवला.

बाकीचे तीन शब्द अधिक बोलके आहेत. परिवलनातला वल् म्हणजे आपले वळणे. वळण आणि वलय हे त्याच घरचे. घूर्णनातल्या घूर्ण् मध्ये गरगरणे आहे. परिक्रमणातला क्रम् म्हणजे पाऊल टाकणे, जागा सोडून पुढे जाणे, आणि नर्मदेच्या इतक्या जवळ राहणाऱ्या मुलाला परिक्रमा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. चार शब्दांत मला परिक्रमण सर्वांत स्वच्छ वाटतो आणि परिभ्रमण सर्वांत मोघम. तरीही मराठीतला परिभ्रमण बदलून तिथे परिक्रमण घालावा, असे मी म्हणणार नाही. मराठी विज्ञानलेखनात तो इतका रुळला आहे की तो बदलला तर आधीचे सारे वाचन मुलांना परके होईल. मराठीत बोलताना परिवलन–परिभ्रमण, हिंदीत लिहिताना घूर्णन–परिक्रमण, असा नेम ठेवा. आणि हिंदी पुस्तकात परिभ्रमण दिसला की पुढचे वाक्य वाचल्याशिवाय अर्थ लावायचा नाही, ही सवय मुलांना लावा.

मात्र माझे खरे म्हणणे याच्या अलीकडचे आहे. पारिभाषिक शब्द देण्याआधी मुलांकडून 'कशाभोवती?' हा प्रश्न घटवून घ्या. मराठीत दोन्ही गतींना आपण 'फिरते' हे एकच क्रियापद वापरतो आणि गोंधळाचे मूळ तिथे आहे. 'पृथ्वी फिरते' हे वाक्य वर्गात अपुरेच मानावे. आरती झाल्यावर आपण जागच्या जागी स्वतःभोवती फिरतो, आणि देवळात गेलो की गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालतो. पहिले परिवलनासारखे, दुसरे परिभ्रमणासारखे. मराठी घरातल्या मुलाने दोन्ही केलेले असते. मग आकडे द्या. परिवलनामुळे आपला इंदूरचा राजवाडा ताशी सुमारे १,५४० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो (विषुववृत्तावर हाच वेग सुमारे १,६७० आहे). आणि परिभ्रमणामुळे सारी पृथ्वीच ताशी सुमारे १,०७,००० किलोमीटर वेगाने धावते. इथे 'फिरते' म्हणून भागणार नाही, हे मुलांना आपोआप पटते.

प्रदक्षिणेचा दाखला देताना एक सांभाळा. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला राहतो, म्हणजे वरून पाहिले तर आपण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जातो. उत्तर ध्रुवाच्या बाजूने पाहिले तर पृथ्वीच्या दोन्ही गती याच्या उलट आहेत. 'पृथ्वी सूर्याला प्रदक्षिणा घालते' हे वाक्य सुंदर आहे, ते टाकू नये. पण फलकावर बाण काढताना दिशा उलट काढावी लागेल.

ताईंनी जाता जाता आणखी विचारले आहे की जुन्या पुस्तकांतले 'दैनिक गती' आणि 'वार्षिक गती' हे शब्द अधिक सोपे नाहीत का. पृथ्वीपुरते सोपे आहेत. इतर ग्रहांकडे वळलात की ते साथ सोडतात. शुक्राला स्वतःभोवती एकदा फिरायला सुमारे २४३ पृथ्वीदिवस लागतात, तेही उलट दिशेने, आणि सूर्याभोवतीची फेरी तो सुमारे २२५ दिवसांत पुरी करतो. त्याची दैनिक गती वार्षिक गतीपेक्षा लांब म्हणायची का? बुधाचे परिवलन सुमारे ५९ दिवसांचे, परिभ्रमण ८८ दिवसांचे, आणि तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत १७६ दिवस जातात, म्हणजे बुधाची पुरी दोन वर्षे. परिवलन आणि परिभ्रमण हे शब्द दिवसाला किंवा वर्षाला बांधलेले नाहीत, म्हणून ते सगळ्या ग्रहांना चालतात.

मोठ्या ग्रहांसाठी तर आपल्याकडे तयार माहिती घरातच असते. उज्जैनचा सिंहस्थ २००४ मध्ये झाला, २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. ही बारा वर्षे म्हणजे गुरूचे परिभ्रमण. गुरू सिंह राशीत परत आला की सिंहस्थ. नेमका काळ ११.८६ वर्षे आहे, म्हणून कधीतरी एक वर्ष गळते: हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर अकराव्या वर्षी, २०२१ मध्ये भरला. हाच गुरू स्वतःभोवती मात्र दहा तासांच्या आत फिरतो. शनीची फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांची. तिला बारा राशींत वाटले की एका राशीला साधारण अडीच वर्षे येतात आणि तीन राशींची साडेसात. साडेसाती हा शब्द ज्या घरात धास्तीने उच्चारला जातो, त्या घरातल्या मुलाला त्यामागचा हा भागाकार जरूर करू द्या.

जुन्या ज्योतिर्गणितात ग्रहाच्या पूर्ण फेरीला आणखी एक देखणा शब्द आहे, भगण. भ म्हणजे नक्षत्र. नक्षत्रचक्रातून एक फेरी झाली की एक भगण. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमाराला रचलेल्या 'आर्यभटीया'त ४३,२०,००० वर्षांच्या युगात पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फेरे १,५८,२२,३७,५०० दिले आहेत. सातवीच्या मुलांना हा भागाकार घालावा. उत्तर येते वर्षाला ३६६ आणि वर थोडे. दिवस तर ३६५ आणि वर थोडे! हा एक जास्तीचा फेरा कुठून आला? पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढे सरकते, म्हणून सूर्य पुन्हा डोक्यावर यायला तिला रोज थोडे अधिक वळावे लागते. परिवलन २३ तास ५६ मिनिटांत पुरे होते, दिवस २४ तासांचा भरतो, आणि रोजची ती चार मिनिटे साठून वर्षाला एक फेरा होतो. दोन्ही गती मनात वेगळ्या नसतील तर हे कोडे सुटतच नाही.

शेवटचा भाग चंद्राचा. मुले ठामपणे म्हणतात की चंद्राची एकच बाजू दिसते म्हणजे तो स्वतःभोवती फिरतच नाही. वर्गाच्या मधोमध खुर्ची ठेवा आणि एका मुलीला तोंड सतत खुर्चीकडे ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारायला सांगा. मग खुर्चीचे विचारू नका, भिंतींचे विचारा: तुझे तोंड कोणकोणत्या भिंतींकडे झाले? चारही भिंतींकडे, म्हणजे ती स्वतःभोवतीही एकदा फिरली. चंद्राचे परिवलन आणि परिभ्रमण दोन्ही सुमारे २७.३ दिवसांचे आहेत. हिंदी उत्तरपत्रिकेत हेच 'घूर्णन काल' आणि 'परिक्रमण काल' असे लिहायचे.