ताम्हिणी घाट पहिल्यांदा उतरताना
पुण्याहून कोकणात पहिल्यांदाच स्वतः गाडी नेताय ना? आदल्या दिवशी हवा तपासा, टायर थंड असताना. स्टेपनीचीही, तिला सगळे विसरतात. वायपरचं रबर बघा.

घाटात मात्र सगळं लक्ष गियरवर. जो उतार आहे तो चढायला जो गियर लागला असता, त्याच गियरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐन वळणावर नीट लागत नाही. न्यूट्रल तर कधीच नको. पेट्रोल वाचतं हा गैरसमज आहे. हल्लीच्या गाड्या गियरमध्ये उतरताना इंधन जवळपास बंदच करतात. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. धुक्यात लो बीम, म्हणजे हेडलाइटचा खाली पडणारा झोत. अंधाराआधी घाटाखालचं माणगाव गाठा, यात तडजोड नको.