चार चमचे डिझेल

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

चाकणच्या कारखान्यात रुजू होऊन पहिल्याच वर्षी तुला सात आसनी एसयूव्हीच्या विकास विभागात घेतले, हे वाचून आनंद झाला. पत्राच्या शेवटी मात्र तू लिहिले आहेस की, गिऱ्हाईक मागते तेच आम्ही बनवतो आणि इंजिन बीएस-6 (भारत स्टेज-6) असल्याने प्रदूषणाचा प्रश्न आता उरलेला नाही. पहिल्या विधानावर पुढे लिहितो; दुसरे तू इतक्या सहज लिहायला नको होतेस. बीएस-6 मानके धुरातील काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांना लगाम घालतात, कार्बन डायऑक्साइडला नाही. सायलेन्सरला कितीही गाळण्या बसवल्या, तरी एक लिटर डिझेल जळले की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाणारच. तेव्हा लिटर किती जळले एवढेच विचारायचे, आणि त्याचे उत्तर बरेचसे गाडीच्या वजनात असते.

लवकरच तुला ट्रॅकवर कोस्ट-डाउन चाचणीला बसवतील. ठरावीक वेग गाठल्यावर चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो आणि वेग कसा उतरत जातो याची नोंद होते. दोन टनांची गाडी अशा वेळी बराच वेळ संथपणे पळत राहते आणि नव्या माणसाला वाटते, काय सुरेख बांधणी आहे! मलाही वाटले होते. ते पळणे म्हणजे डिझेल जाळून गाडीत साठवलेली ऊर्जा असते. हीच गाडी हिंजवडीच्या रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरचा वेग घेऊन पुढच्या सिग्नलला थांबते, तेव्हा ती ऊर्जा जवळजवळ सगळी ब्रेक तापवण्यात संपते. डिझेलमधील ऊर्जेचा चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो असे धरून हिशेब मांडून पाहा: दर थांब्यामागे सुमारे 20 मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे डिझेल. एक टनाच्या गाडीला दोन चमचे लागतात. आत बहुतेक वेळा एकच माणूस बसलेला असतो.

आता गिऱ्हाइकाच्या मागणीविषयी. कर आणि नियम जे मोजतात त्याभोवती गाडी आकार घेते आणि त्यानंतर जाहिरात तिच्यासाठी गिऱ्हाईक घडवते, असे मी नोकरीभर पाहिले. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरील अबकारी कर उतरला. कायद्याने लांबी मोजली, म्हणून गाड्या लांबीला आखडल्या आणि पुढे उंचीला वाढल्या. डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात 2000 सीसी आणि त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तर काही आठवड्यांतच 1.99 लिटरचे, म्हणजे 2000 सीसीच्या जरा खालचे, इंजिन बाजारात आले. आपल्या कॅफे मानकांत, म्हणजे कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी पाहणाऱ्या इंधनवापराच्या नियमांत, 2022-23 पासून किलोमीटरमागे सरासरी 113 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा आहे खरी, पण कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन वाढले की तिची मर्यादाही सैल होते, आणि हे मला कधीच पटलेले नाही. 2024 मध्ये पॅरिसकरांनी मतदान करून बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचे पार्किंग शुल्क तिप्पट करायला कौल दिला. तिथे कसोटी वजनाचीच होती: इंधनावरच्या गाडीला 1.6 टन, विजेवरच्या गाडीला दोन टन. मतदानाला फार थोडे लोक आले होते, हेही सांगायला हवे.

कराचे दर तुझ्या हातात नाहीत, किलो आहेत. आमच्या वेळी विक्री विभागाच्या आग्रहाखातर एका गाडीची स्टेपनी पोटाखालून काढून मागच्या दारावर टांगली, कारण त्याने म्हणे गाडी रांगडी दिसते. चाक तेच होते. पण त्याच्यासाठी बिजागऱ्या जड कराव्या लागल्या, मग दाराची चौकट, मग मागचे खांब, मग स्प्रिंगा, आणि शेवटी ब्रेकवाल्यांनी मोठ्या डिस्क मागितल्या. त्या बैठकीत मी गप्प बसलो होतो.

मोठ्या गाडीच्या विभागात गेलास म्हणून मी नाराज नाही. लिटरला 20 किलोमीटर देणारी छोटी गाडी 25 देऊ लागली, तर हजार किलोमीटरमागे 10 लिटर वाचतात. 10 देणारी मोठी गाडी तू 12 वर आणलीस, तर जवळपास 17 लिटर. अर्थात 20 वाल्या गाडीचा मालक ती विकून तुमची 12 वाली घेऊन गेला, तर तेवढ्याच अंतरात 33 लिटर जास्त जळतील. हा हिशेब तुमच्या बैठकीत कोणी मांडणार नाही, तो तू मांड.

विभागात प्रत्येक भागाच्या वजनाची यादी असतेच. ती मागून घे आणि दर आठवड्याला कोणत्या भागाचे वजन किती वाढले, कोणी वाढवून मागितले आणि कशासाठी, हे एका वहीत लिहीत जा. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये.

तुझा,
जुना सर