गॅसगळती झाली तर दोन किलोमीटर अंतर पुरेसं आहे का?

‘घर केमिकल कारखान्यापासून दोन किलोमीटरवर आहे, म्हणजे गळती झाली तरी धोका नाही ना?’ असं तुम्ही विचारलंय. नुसत्या अंतरावरून हे ठरत नाही. रसायन कुठलं, वेळ कुठली आणि वारा कुठून कुठे, हे आधी बघावं लागतं.

भोपाळचंच घ्या. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीत पाणी शिरलं, आतलं मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन तापत गेलं आणि सुमारे ४० टन वायू बाहेर पडला. हा वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. त्यात थंडीची रात्र. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि वायू विरळ होत जातो. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, ती वर जातच नाही. वाराही मंद होता. त्यामुळे तो ढग न विरता वस्त्यांमधून जमिनीसरसा सरकत राहिला. विशाखापट्टणमला ७ मे २०२० ला स्टायरीन या प्लास्टिकसाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनाची गळती झाली, तीही लोक झोपेत असताना पहाटे.

अमोनिया हवेपेक्षा हलका, तो वर निघून जातो, यावर विसंबू नका. शीतगृहात तो दाबाखाली द्रवरूपात असतो. पाइप फुटला की थंडगार धुकं होऊन सुरुवातीला खालीच पसरतो.

पळायची वेळ आलीच तर झेंडा, धूर बघून वाऱ्याला आडवं जा. वारा जातो त्या दिशेने पळालात तर वायू सोबतच येतो. बाहेर पडता येत नसेल तर दारं-खिडक्या, एसी, एक्झॉस्ट बंद करा, फटींत ओली फडकी कोंबा. तळघरात मुळीच जाऊ नका.

पण मला जास्त काळजी वाटते ती पाण्याची. भोपाळच्या कारखान्याने आवारात आणि बाहेरच्या तळ्यांत टाकलेला कचरा हळूहळू भूजलात उतरला आणि आसपासच्या वस्त्यांचं पाणी बिघडलं. त्याचा सायरन वाजत नाही. आवारात उरलेल्यापैकी सुमारे ३३७ टन कचरा मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला हलवायला जानेवारी २०२५ उजाडला. तुमच्याकडे बोअरवेल असेल तर नुसत्या टीडीएसवर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या मोजमापावर) समाधान मानू नका, प्रयोगशाळेत जड धातू आणि सेंद्रिय रसायनं तपासून घ्या.

आणि १९८९ च्या घातक रसायन नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्याने शेजारच्यांना धोका आणि खबरदारी सांगायची असते. सोसायटीच्या लेटरहेडवर कारखान्याला पत्र द्या, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला.