कानातले बोळे आधी काढ

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. ‘कानात कसंतरी होतं’ एवढ्यावर न थांबता नेमकं काय होतं ते लिहिलंस, बरं केलंस. ताट आपटलं की उजव्या कानात फडफड. पंखा जोरात लावला की त्याच्या आवाजावर चढून बसलेली बारीक शिट्टी, पंखा बंद केला की तीही बंद. हेडफोनमध्ये समोरचा माणूस चढ्या आवाजात बोलायला लागला की आत ठकठक, मग कानाला दडा, आणि तो शिफ्ट संपेपर्यंत सुटत नाही. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले कान उत्तम आहे. आई म्हणते टेन्शन घेतोस. आणि या सगळ्यावर तू स्वतःच शोधलेला उपाय असा, की घरात, लोकलमध्ये, झोपताना, सगळीकडे कानात बोळे.

आधी ते काढ. कापसाचे असोत नाहीतर ते भगवे फोमचे, मी त्यांना बोळेच म्हणते. काढलेस? आता पुढचं वाच.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे हे माझ्या डोक्यात आहे का’ असं विचारतोस. त्या रिपोर्टात काय मोजतात ते तरी बघ. बंद खोलीत बसवून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर वाजवतात आणि तुला ऐकू येणारा सगळ्यांत हळू आवाज किती, ते लिहून घेतात. २५ डेसिबलच्या आत जमलं की नॉर्मल. ताट पडल्यावर तुझ्या कानात काय होतं हे तुला तिथे कुणी विचारलेलंच नाही. त्या खोलीत ताट पडत नाही.

कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं असतात, हे शाळेत शिकलास. त्यांना ओढणारे दोन स्नायू असतात, ते शिकवायचं बहुतेक राहून जातं. रिकिबीला धरून असलेला तो स्टेपिडियस, ६ मिलिमीटरच्या आसपास लांबीचा, हाडाला जोडलेल्या स्नायूंत शरीरातला सगळ्यांत छोटा. साधारण ७० ते १०० डेसिबलच्या मधे कुठेतरी तो आवळला जातो, आणि आवाज एकाच कानात आला तरी दोन्हीकडे आवळतो. दुसरा टेन्सर टिंपनी. तो हातोडी आत ओढून पडदा ताणतो. दचकलास की हलतो, चावताना हलतो, बोलतानाही हलतो. काही लोकांना तो मुद्दाम हलवता येतो, आणि मग त्यांना कानात गडगड ऐकू येते. हे दोघं निमूटपणे काम करतात तोवर आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. साध्यासुध्या आवाजालाही ते आखडायला लागले की फडफड, ठकठक, दडा. पंख्यावर चढणारी शिट्टी हा बहुधा वेगळा प्रकार, तिला रिअ‍ॅक्टिव्ह टिनिटस म्हणतात, म्हणजे बाहेरच्या आवाजाबरोबर चढणारी कानातली शिट्टी. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. मला दोन्ही आहे.

नाव मिळेलच असं मात्र धरून चालू नकोस. एक डॉक्टर म्हणेल स्नायूचा झटका, दुसरा म्हणेल हायपरअक्युसिस, म्हणजे साधे आवाजही न सोसणं, तिसरा गोळी लिहून देईल आणि पुढच्या पेशंटला आत बोलवेल. मीही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर, परगावचे कॉल जोडून द्यायला, हेडसेट लावून बसायचे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, जसा कॉल तसा दर. एका दुपारी लाइनवर अशी कर्कश किंचाळी आली की डाव्या कानापासून जबड्यापर्यंत चमक गेली. त्यानंतर कप-बशी वाजली तरी त्या कानात ठोका पडायचा. तुम्हा कॉल सेंटरवाल्यांत आता याला अकूस्टिक शॉक असं भारदस्त नाव आहे. आमच्या वेळी याला कामचुकारपणा म्हणायचे.

माझ्या शेजारच्या बोर्डावरच्या मैत्रिणीलाही असंच झालं. तिने बोळे घातले. आधी बोर्डावर, मग बसमध्ये, मग स्वयंपाकघरात. कुकरची शिट्टी सोसेना, म्हणून डाळ उघड्या पातेल्यात. पुढे कागदाची सळसळसुद्धा टोचायला लागली. नोकरी सुटली, लग्नकार्यं सुटली, शेवटी माझ्याशीही चिठ्ठ्या लिहून बोलायची, कारण माझा आवाज खणखणीत. मी भांडले, रागावले, तिच्या हातातून कापसाचं पुडकं हिसकावलंसुद्धा. तिने ऐकलं नाही. ती हळवी होती आणि मी हट्टी, असं सगळे म्हणायचे. हट्टी तर हट्टी. आज मी दादरला राहते आणि फूलबाजारातून चालत भाजी आणते. तुझा मेसेज वाचताना तीच आठवत राहिली, म्हणून हे पत्र जरा तिखट होतंय.

बोळे का काढायचे, ते ऐक. मेंदूला आवाज कमी मिळायला लागला की तो जास्त ताणून ऐकतो. चाळीत शेजारच्या खोलीत कुजबुज सुरू झाली की बाई भिंतीला जाऊन चिकटते, तसं. २००३ साली अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला. दोन आठवडे जवळजवळ दिवसरात्र बोळे घालून राहिल्यावर चांगल्या कानांच्या माणसांनाही तेच आवाज आधीपेक्षा मोठे वाटायला लागले. आणि दोन आठवडे कानाशी हलका सलग आवाज ठेवल्यावर उलटं झालं, सहनशक्ती वाढली. दोनच आठवड्यांत! त्याच्याही खूप आधी, १९५३ साली, ठणठणीत कानांच्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. कुणाला गुणगुण, कुणाला शिट्टी. तू बोळे घालून रोज स्वतःला त्या खोलीत कोंडतोयस आणि वर मला विचारतोस, शिट्टी वाढली का?

आता तू म्हणशील, मग काय डीजेच्या भिंतीसमोर जाऊन उभा राहू? असलं खुसपट काढू नकोस. जिथे आवाज खरंच घातक आहे तिथे कान झाकायचेच. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कामाच्या जागची मर्यादा मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. विसर्जनाच्या ढोलताशापुढे तर काही मिनिटांचाच हिशेब उरतो. तिथे फोमचे घाल, नीट वळून, कान वर ओढून. कापूस तिथे जवळजवळ काहीच अडवत नाही. म्हणजे तुझा तो कापूस जिथे हवा तिथे निरुपयोगी आणि घरात उपद्रवी. मिरवणूक गेली की काढायचे. लोकलच्या डब्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, घरात भांडी घासली जात असताना नाही घालायचे. नियम म्हणशील तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. वाचून हसू येतं. या शहरात शांतता मिळेल तेव्हा मी बरा होईन असं ठरवलंस, तर मग बसच.

एकदम सगळे काढायला जमणार नाही, ते मला कळतं. घरापासून सुरुवात कर. पंखा एकवर, मग दोनवर, बोळ्यांशिवाय. रात्री खोली सुन्न ठेवू नकोस. मोबाइलवर पावसाचा आवाज अगदी हळू लाव, शिट्टी त्यातूनही ऐकू येईल इतका हळू. तिला बुडवायचं नाही, तिच्या शेजारी दुसरं काहीतरी ठेवायचं. माझ्या वेळी मोबाइल नव्हता. मी रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून खरखर ऐकत झोपायचे. तुझे काका त्या खरखरीला कंटाळून हॉलमध्ये झोपायला गेले ते कायमचे. नातेवाइकांत यावर पुष्कळ बोललं गेलं. मी बाईपण विसरले म्हणे. मला विचारशील तर त्या खरखरीनेच मी नोकरी टिकवली, पोरांची शिक्षणं केली, आणि काकांनाही तो हॉल पंख्यासकट बराच मानवला. त्यांचं घोरणं तर बंद भिंतीआडूनही यायचं, त्यावर कधी कुणी सभा भरवली नाही. असो.

जबड्याकडे लक्ष दे. टेन्सर टिंपनीला हलवणारी नस तीच, जी चावायचे स्नायू हलवते. कॉलवर माणूस ओरडायला लागला की तू दात आवळतोस का, ते बघ. सकाळी उठल्यावर कानशिलं दुखत असतील तर दातांच्या डॉक्टरलाही दाखव. हेडफोन दोन्ही कानांवर घट्ट दाबून लावत जाऊ नकोस, व्हॉल्यूम उतरव, आणि अचानक आलेला मोठा आवाज कापणारा लिमिटर लाइनवर आहे का, हे टीम लीडरला विचार. लाजू नकोस. आम्ही विचारलं नाही, कारण विचारायचं कुणाला तेच माहीत नव्हतं.

तपासणी अर्धवट सोडू नकोस. बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, कानाच्या आणि बोलण्याच्या तपासण्या हेच तिथलं काम. इम्पिडन्स तपासणीबद्दल विचार, तिच्यात कानाचा पडदा कसा हलतो ते मोजतात. आपोआप पडणारा ठोका कधीकधी त्या पडद्याच्या आलेखावर दिसतो, मात्र तो थोडा जास्त वेळ घ्यावा लागतो. रिफ्लेक्स, म्हणजे आवाजाला स्नायू आवळतो का, ते तपासताना मोठे सूर देतात, म्हणून मला आवाज सोसत नाही हे आधीच सांग. आणि हे पाठ कर: आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर पडायला लागला, एका कानाने अचानक कमी ऐकू आलं, गरगरलं किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली वाटली, तर माझं पत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. ऐकू येणं अचानक गेलं तर उपचाराला दिवस मोजूनच असतात.

या दोन स्नायूंच्या दोऱ्या कापायचं ऑपरेशनही असतं. मला सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. ज्यांचा ठोका दिवसरात्र थांबतच नाही त्यांनी जरूर विचार करावा. माझा ठोका बाहेरून आवाज आला तरच पडायचा, आणि बाहेरच्या आवाजाशी माझं एकदा जमलं की त्याच्याशीही जमेल असं मी धरून बसले. पुरतं जमलेलं नाही. अजूनही समोरच्या बिल्डिंगमध्ये लाद्या कापायचं मशीन लागलं की कान फडफडतो आणि मी मशीनला शिव्या देते. पण बोळे घालत नाही.

शनिवारपर्यंत एका वहीत एवढंच लिही: कुठला आवाज, कुठला कान, आत काय झालं, किती वेळ. का झालं ते लिहायचं नाही, तुला फार सवय आहे त्याची. औषधांची पाकिटं आण. डोकेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन जास्त घेत असशील तर आधी सांग, जास्त डोसने कान वाजतात. आईला बरोबर आण. टेन्शनचं मी तिच्याशी बोलते, तुला त्यात पडायचं काम नाही. रविवारी बरं पडत असेल तर रविवारी या, पण मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते बघून निघा.

मावशी