रोममधली चर्च: पहिल्यांदा जाताय तर

यादी आधी अर्धी करा. रोममध्ये चर्च शेकड्यांनी आहेत, आणि दिवसाला तीन-चारच्या वर पाहिली की सगळ्यांची सरमिसळ होते.

सेंट पीटर्सला जायचंच, पण सकाळी उघडताच. नंतर सुरक्षा तपासणीची रांग भर उन्हात उभी असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी पिशवीत ठेवाच. दुपारचं जेवण लवकर आटपून चर्च गाठू, हा बेत मात्र नको. बरीच छोटी चर्च साडेबाराच्या सुमारास बंद होतात, ती थेट तीन-चारला उघडतात.

माझं मत विचाराल तर पहिला मान सान क्लेमेंतेचा, कोलोसियमपासून चालत जाण्याइतकं जवळ. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, आणि त्याच्याही खाली रोमन घरं व मिथ्र देवाचं पूजास्थान. खाली उतरायला तिकीट लागतं, ते काढाच. तळाशी भुयारी पाण्याचा खळखळाट ऐकू येतो.

सान लुईजी देई फ्रांचेसीमध्ये चित्रकार काराव्हाज्जोची सेंट मॅथ्यूवरची तीन चित्रं फुकट पाहायला मिळतात. फक्त चित्रांवरचा दिवा लावणाऱ्या पेटीत टाकायला सुटी नाणी ठेवा. (नसली तर दुसरं कुणी टाकेपर्यंत थांबायचं, तेही चालतं!)

जुन्या गोव्याचं बॉम जेझुस पाहिलं असेल तर इल जेझूही चुकवू नका. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव गोव्यात आहे, पण उजवा हात इथल्या वेदीवर जपलेला आहे.